नववा वारस

बसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळाचं पाणी भरत होते. आमच्याकडे ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी बाई दुसरं काही करत नाही. पिंप, बादल्या, घागरी, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा. फोन दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा उचलला तो वैतागूनच. दुधनीहून थोरला भाचा मल्लिनाथ बोलत होता. "मावशी, बसू गेला. जेवायला म्हणून बसला होता..." एवढं म्हणाला आणि पुढं कानडीत शेजारच्या कुणाशी तरी बोलायला लागला. मी काय म्हणावं? मी म्हणाले, "अरे, पण उद्या त्याचं डायलिसिस आहे." जशी काही त्याची रजा मंजूर व्हायची राहिली होती! तीस वर्षं, आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून, मी मयतांच्या नोंदी केल्या. रडणाऱ्या घरात जाऊन कागद मागितले. आणि माझ्याच घरातल्या माणसाची बातमी आली तेव्हा मला हे सुचलं. मागं पिंप भरून वाहत होतं, पाणी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलं, पावलं भिजली, तरी नळ बंद करायचं भान आलं नाही.

त्याला आता दोन महिने होत आले. ज्यांच्यावर पुरवणीत लेख येतात तसा बसू कुणी नव्हता. बसवराज, माझ्या अक्काचा धाकटा मुलगा, वय अडतीस. दुधनीत त्यांची आडत आहे, ती मल्लिनाथ बघतो. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि बसू दोन्ही भाषांत सारखाच चावट. एका खासगी शाळेत मुलांना संगणक शिकवायचा. तेहतिसाव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं बसली. गावात डायलिसिसची सोय नाही, म्हणून तो सोलापुरात माझ्या दोन खोल्यांत राहायला आला. मी लग्न केलेलं नाही. का, ते इथं लिहायचं कारण नाही. नुकतीच निवृत्त झाले होते, एकटीचं बरं चाललं होतं. अक्का म्हणाली, "सुमे, तुझ्याशिवाय कोण आहे?" मग काय करता! मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, अशी पाच वर्षं मी त्याच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. लोक म्हणतात, केवढी सेवा केलीत तुम्ही. सेवा कसली... कंटाळा यायचा. पाठ मोडून यायची, त्या यंत्राच्या आवाजानं डोकं उठायचं, आणि घरी आल्यावर पुन्हा त्याच्यासाठी वेगळी भाजी शिजवायची. मी त्याच्यावर ओरडायचे. तोही ओरडायचा. आता ओरडायला कुणी नाही, हे मात्र खरं.

डाव्या हातात सुया टोचलेल्या असायच्या, तो हात हलवायचा नाही. उजव्या हातानं तो खेळायचा. छातीवर उशी, उशीवर टॅबलेट. मला आधी वाटलं, लहान पोरांसारखं काहीतरी गोळ्या झाडायचं असेल. तसं नव्हतं. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्या खेळात असतात. प्रत्येकानं आपलं एक पात्र घ्यायचं आणि त्याचं आयुष्य जगायचं. कुणी शेती करतो, कुणी लोहारकाम, कुणी व्यापार, कुणी नुसताच लढत फिरतो. माळरान घेऊन गाव वसवता येतं. बसूनं आजारी पडायच्या आधीच एक गाव वसवायला घेतलं होतं, आणि मग त्या खाटेवर पडून पडून ते पुरं केलं. त्याचं नाव ठेवलं नवी दुधनी. वेस, बाजार, चावडी, चावडीपुढं कडुनिंब, आणि मधोमध एक आड. त्याच्यासोबत आणखी आठ जण तिथं राहायचे. एक केमचा केळीवाला, एक इथलाच पूर्वभागातला, घरात तेलुगू बोलणारा, एक वैरागची शिलाईकाम करणारी सारिका, असे कुणी कुणी. बसूनं यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. पण सकाळी सुई टोचली की तो पहिलं वाक्य म्हणायचा, "चला, गावात जाऊन येतो." नर्ससुद्धा हसायच्या.

गावात गेला की त्याचं पात्र सगळ्यात आधी आडावर जायचं. पोहरा सोडायचा, वर ओढायचा, आणि घटाघट पाणी प्यायचं. पुन्हा सोडायचा, पुन्हा प्यायचं. खेळात त्याचा काही उपयोग नव्हता म्हणे, एकदा प्यायलं तरी पुरतं. मी विचारलं, "हे काय रे येड्यासारखं?" तर म्हणाला, "मला नाही तर नाही, त्याला तरी पिऊ दे की." ज्यांच्या घरात डायलिसिसचं माणूस आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पाणी मोजून प्यायचं असतं. आमच्याकडे एक स्टीलची नव्हे, आरपार दिसणारी बाटली होती, तिच्यावर मी पेननं रेघ मारलेली. सकाळी रेघेपर्यंत भरायची, दिवसभर तेवढंच. सोलापूरचा उन्हाळा, आणि तेवढंच. त्या सारिकानं त्या बाटलीला एक पिशवी शिवून माझ्या पत्त्यावर पाठवली होती, इरकली काठाच्या कापडाची, आतून जाड अस्तर, पाणी गार राहावं म्हणून. आणि पुढच्या बाजूला बोटभर फट ठेवली होती, रेघ दिसावी म्हणून. बसूनं तिला रेघेचंसुद्धा सांगितलेलं दिसतंय, असं मनात आलं आणि मला उगाच राग आला.

मधल्या एका उन्हाळ्यात त्याला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यानंतरच्या एका गुरुवारी त्यानं टॅबलेट बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "मावशी, वारस नोंद करताना तू आधी काय बघायचीस?" मी वर्तमानपत्र वाचत होते. म्हटलं, "मेलाय का ते." हसला. मग त्यानं मला त्या खेळातला कायदा सांगितला. मालक सलग पंधरा दिवस आत आला नाही की खेळ त्याला मेलेला धरतो. मग त्यानं लावलेल्या वारसाकडे गाव जातं. एकच वारस असेल तर आपोआप, काही करावं लागत नाही. एकाहून जास्त असतील तर त्या प्रत्येकानं पुढच्या तीस दिवसांत स्वतः गावात यायचं आणि चावडीतल्या दगडावर हात ठेवायचा. एक जरी आला नाही तरी गाव ओसाड. वेस पडते, घरं पडतात, ज्याला जे न्यायचं ते तो नेतो. "आणि हात ठेवला की लगेच आपल्या पुढच्या वारसाचंही नाव द्यावं लागतं, त्याशिवाय नोंद पुरी होत नाही. तुमच्या खात्यापेक्षा बरंय की नाही?" मी म्हटलं, "असं आमच्याकडे असतं तर माझी निम्मी भांडणं वाचली असती."

"मी सारिकाचं एकटीचं नाव लावलंय," तो म्हणाला. "मी दवाखान्यात असताना तीच सगळं बघते."

इथं माझं डोकं फिरलं. का फिरलं ते सांगते. तीस वर्षांत माझ्या टेबलापुढं जे जे भाऊ वारसांची यादी घेऊन आले, त्यांच्या यादीत बहिणी नसायच्या. "बहीण कुठंय?" हा माझा ठरलेला प्रश्न. त्यावर ठरलेली उत्तरं. ती तिकडं सुखात हाय, तिला काय करायचंय, तिनं तोंडी सोडलंय. मी कागद परत करायचे. सगळ्यांची नावं आण, मग बघू. यावरून मला शिव्या बसल्या, माझी बदली झाली, एकदा माझ्या स्कूटीची हवा सोडली. पण मी एकही यादी अर्धी घेतली नाही. तर असल्या बाईपुढं तू म्हणतोस आठातल्या एकाचंच नाव लावलंय! "बाकीच्या सातांनी काय पाप केलंय? त्यांनी घरं बांधली नाहीत का तिथं? आणि कोण ही सारिका, बघितलंयस का तू तिला कधी?"

"बघायचं काय त्यात?"

"ते काही नाही. सगळ्यांची नावं लाव. सामाईक. एकाचं लावलं की बाकीचे उघड्यावर पडतात, हे मला शिकवू नकोस."

"मावशी, खेळ तसा नाहीय गं. सगळ्यांची लावली आणि एक चुकला तर..."

"चुकतो कसा? आपला हक्क असला की माणूस रांगत येतो. मी बघितलंय."

यंत्र टूं टूं करत होतं. मग त्यानं टॅबलेट उचलला, बराच वेळ काहीतरी टाइप केलं. "लावली," म्हणाला. मी विचारलं, "आठच्या आठ?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "हं, सगळ्यांची." आणि थोड्या वेळानं, "तुझा फोन दे की जरा." मी दिला. तो माझ्या फोनमध्ये नेहमी काही ना काही करत असायचा, कधी अक्षरं मोठी कर, कधी पेन्शनचा दाखला. मी लक्ष दिलं नाही. पुढं कधीतरी फोन भरला, चालेना, तेव्हा ओळखीचं नसलेलं सगळं मीच काढून टाकलं.

शेवटची भेट म्हणावी अशी काही झाली नाही. शनिवारी डायलिसिस झालं, रविवारी दुधनीला पुतणीचं बारसं होतं, तिकडं जातो म्हणाला. मधले दोन दिवस यंत्र नसतं, ते वाईट, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, जपून खा. त्यानं दारातून विचारलं, "बाटली भरलीस?" मी इरकली पिशवीतली बाटली त्याच्या हातात दिली. फटीतून रेघ बघितली, मान डोलावली आणि जिना उतरला. एवढंच. सोमवारी दुपारी ताटावर बसल्या बसल्या गेला. आमच्यात मयताला बसवून पुरतात. खड्ड्यात मांडी घालून बसलेला बसू, कपाळाला विभूती, आणि मला आपलं वाटत राहिलं की याला पाठीला उशी द्यायला हवी, त्याला असं ताठ फार वेळ बसवत नाही. अक्कानं मला धरलं की मी अक्काला धरलं, आठवत नाही.

परत आले ती मी थकूनच. रडू येईना, भूक लागेना, नुसती झोप. सकाळी साडेपाचला जाग यायची, मंगळवार की बुधवार ते आठवायची, आणि मग पुन्हा पडून राहायची. अशात फोन सुरू झाले. अनोळखी नंबर. "मॅडम, बसूदादांचे मित्र बोलतोय. तुम्हाला मोबाइलवर एक नंबर येईल, तो टाकून तेवढं आत या." मी एकदम ताठ. अहो, निवृत्त माणसांना लुटायला हल्ली हेच करतात! मेलेल्याचं नाव घेतात, ओटीपी मागतात. मी स्वतः आमच्या पेन्शनर मंडळात यावर भाषण दिलंय. पहिल्याला मी सायबर पोलिसांची धमकी दिली. दुसऱ्याला त्याच्या आईबापावरून काहीतरी बोलले. मेसेज आले, तेही न वाचता पुसले. एका बाईचा फोन तर रोज. "ताई, येकदा ऐकून तर घ्या..." नंबर बंद. दुसऱ्या नंबरवरून फोन. तोही बंद. त्यातलं कुणी तरी त्या खेळातलं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. बसूच्या मरणावर टपलेल्या टोळीशी मी एकटी लढतेय, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगू का, त्या रागानं मला जरा बरंही वाटत होतं.

त्यानंतर एके दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला बेल वाजली. दारात तिशीपस्तिशीतली बाई, उन्हानं तोंड लाल, हातात कापडी पिशवी. त्या पिशवीचा काठ इरकली होता. "वैरागवरनं आले," ती म्हणाली. "सारिका. तुमी फोन का उचलत न्हाय ताई?" आत घेतलं, पाणी दिलं. तिनं तांब्या उभ्यानं रिकामा केला आणि मग तिची नजर फ्रिजच्या दाराकडं गेली. मी पाण्यासाठी ते उघडं ठेवलं होतं. दारात बाटली होती, तिनं शिवलेल्या पिशवीत. दुधनीहून मी ती परत आणली होती. ती बघून सारिका मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी रडत नाही तशी. माझं महिनाभर अडकलेलं रडू तिच्या रडण्यावर सुटलं. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन बाया, फरशीवर बसून...

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि भांडायलाच बसली. "बसूदादांनी आधी माझं येकटीचं नाव लावलं व्हतं. मग कुणीतरी त्यास्नी सांगितलं, सगळ्यांची लावा. नऊ नावं लावली. आमी आठ जणांनी पयल्याच आठवड्यात हात ठेवला. नववा येईना. चार दिवस राहिले हायती, ताई. चार दिवसांनी गाव पडणार. ज्यानं कुणी हे खूळ दादांच्या डोक्यात घातलं ना, त्याला मला येकदा बघायचंय."

"बघ," मी म्हटलं. "मीच ती."

मी तिला म्हटलं, अगं, खेळच आहे तो, दुसरं गाव वसवा. आता वाटतं, जीभ झडली असती तर बरं. तिनं माझ्याकडं बघितलं, राग नव्हता, लई दमलेली नजर होती. "ताई, माज्या नावावर काय हाय सांगा बरं. घर सासऱ्याच्या नावावर. शिलाई मशीन नवऱ्याच्या नावावर. जमिनीत भावांनी नाव लावलं न्हाय. नव्या दुधनीत बाजारात पयलं दुकान हाय ना, त्याच्यावर तेवढं माजं नाव हाय. दुपारच्याला मशीन थांबली की मी तितं जाते. माज्या हातानं बांधलंय मी ते, येकेक वीट."

तीस वर्षं टेबलाच्या या बाजूला बसून मी हेच ऐकत आले होते. भावांनी नाव लावलं नाही. त्यासाठी भांडले, बदली पत्करली. आणि जिचं नाव एका माणसानं आपणहून, एकटीचं लावलं होतं, तिचं मीच खोडायला लावलं, का तर मला न्याय करायचा होता! बसू मला सांगत होता की खेळ तसा नाहीय. मी ऐकलं नाही. त्याच्या बिचाऱ्याच्या अंगात भांडायला त्राण नव्हतं, म्हणून त्यानं माझं ऐकलं. कपाळाला हात लावून मी बसले.

"पण नववा कोण?" मी विचारलं. "आठ तुम्ही. नववं नाव कुणाचं?"

"ते आमालाबी ठावं न्हाय. भाऊसाहेब म्हनून हाय कुणीतरी. चावडीत बसलेले असतात. चार वर्सं झाली, कधी बोलले न्हाईत. आमी जाता येता हात जोडून शरणू म्हनतो. दादा म्हनायचे, भाऊसाहेबांना इचारल्याबगर गावात काय करायचं न्हाय. त्यांचा नंबर दादांनी दिला व्हता, म्हनले, माजं काय झालं तर हितं फोन करा. तो नंबर तुमचा हाय, ताई."

गावात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. मी माझ्या पहिल्या सजेवर, म्हणजे नेमणुकीच्या गावी, रुजू झाले तेव्हा तिथं आधी कधी बाई तलाठी आली नव्हती. म्हाताऱ्यांना काय म्हणावं सुचेना, तेव्हा ते मलाही भाऊसाहेबच म्हणायचे. "भाऊसाहेब, जरा पदर सांभाळा, चुलीजवळ बसलाय." ही गोष्ट मी बसूला खाटेशेजारी बसून सांगितली होती आणि तो इतका हसला होता की यंत्राची घंटा वाजली होती.

सारिकानं माझ्या फोनवर तो खेळ पुन्हा घेतला. माझा नंबर टाकला. थोड्या वेळानं सहा आकडे आले. माझा हात थांबला, इतक्या दिवसांची सवय. सारिकाला ते कळलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि म्हणाली, "मी बघत न्हाय. तुमीच टाका." मी टाकले.

कडुनिंबाखाली चावडी, आणि चावडीच्या ओट्यावर एक बाई बसलेली. सुती साडी, चष्मा, खांद्याला माझी ती जुनी शबनम, पुढ्यात दप्तर. भुवया वर चढलेल्या. "अगं बाई, मी अशी दिसते?" माझ्या तोंडून निघालं. सारिका रडता रडता हसली. "फोनवर आवाज ऐकला तवाच मला वाटलं व्हतं, चावडीतल्या त्या ह्याच." चार वर्षं मी त्या गावात बसून होते, माणसं मला येता जाता शरणू म्हणत होती, आणि मी इकडं खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते... मला चालता येईना. भिंतीवर जाऊन आदळायचे, परत फिरायचे. सारिका शेजारी बसून डावीकडं, उजवीकडं सांगत होती. अखेर दगड सापडला. हात ठेवला. त्यावर नऊ खुणा होत्या, आठ उजळलेल्या, नववी उजळली.

आणि मग खेळानं तो प्रश्न विचारला. तुमच्यामागं तुमचा वारस कोण?

हा प्रश्न मी किती दारांत, किती माणसांना विचारला असेल. कोरडेपणानं, पेन उघडून, पुढच्या गावाची गाडी गाठायची म्हणून. स्वतःला एकदाच विचारला होता, निवृत्त झाल्यावर, आणि उत्तर सोपं होतं. या दोन खोल्यांचं मृत्युपत्र माझ्या कपाटात आहे, त्यात बसूचं नाव आहे. तो आजारी असला तरी तरुण होता, मी म्हातारी, आधी मी जाणार हे मी धरूनच चालले होते. इतका साधा हिशेब, तोही चुकला. पण बोटांना कुठं कळतंय? विचार करायच्या आधीच बोटांनी लिहिलं होतं, बसवराज. बटण दाबलं. खेळानं लाल अक्षरांत इंग्रजीतून उत्तर दिलं, या नावाचा रहिवासी हयात नाही.

दुधनीला त्याला मातीत बसवताना बघितलं, तरी मला वाटतं, बसू मेला हे मला तेव्हा कळलं. फोन हातातून खाली ठेवला. सारिकानं तो उचलला नाही. नुसती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. बऱ्याच वेळानं मी पुन्हा फोन घेतला आणि त्या जागेत सारिकाचं नाव लिहिलं. ती वाकून बघत होती. "ताई, बाकीच्या सातांची?" तिनं विचारलं. "न्हाय लावायची?"

"नाही," मी म्हटलं. "एकच."

खेळानं काही हरकत घेतली नाही. नोंद पुरी झाली. वेस पडली नाही, बाजार शाबूत राहिला, तिचं दुकानही. संध्याकाळच्या एसटीनं ती वैरागला गेली. जाताना मी तिला बाटलीची पिशवी परत देऊ केली, ती घेईना. "ती दादांची हाय," म्हणाली, "असू दे तुमच्यापाशी." आता तिचा फोन येतो, मी उचलते. ज्यांना शिव्या दिल्या होत्या त्या सातांची एकेकाची माफी मागितली. केमचा केळीवाला म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी बोललात ह्यातच आलं की." कपाटातल्या मृत्युपत्रात अजून बसूचंच नाव आहे. ते बदलायचं आहे, थोरल्या भाच्याला या दोन खोल्यांची गरज नाही. कुणाचं लावायचं तेही ठरलं आहे. वकिलाकडे जायचं बळ अंगात आलं की जाईन.

मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी अजून साडेपाचलाच जाग येते. बाटली रेघेपर्यंत भरते आणि पिशवीत घालून फ्रिजच्या दारात ठेवते. का, ते मला विचारू नका. सात वाजले की खुर्चीत बसून फोन उघडते. आता मला बऱ्यापैकी चालता येतं. चावडीच्या ओट्यावरून उठते, कडुनिंबाला वळसा घालून आडावर जाते. पोहरा सोडते, ओढते, पाणी पिते. पुन्हा सोडते, पुन्हा पिते. किती वेळा ते मोजत नाही.